पीळ, बाक आणि पोलाद : हॉट रॉडच्या चॅसीचा इतिहास

फोर्ड कंपनीने १९०८ साली बाजारात आणलेल्या ‘मॉडेल टी’ मोटारीची चॅसी, म्हणजे इंजिन, चाके आणि बॉडी यांना एकत्र धरून ठेवणारा पोलादी सांगाडा, दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे एवढ्यावरच उभी होती. या पट्ट्या पोलादी पत्रा दाबून इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकारात वळवलेल्या, म्हणजे एका बाजूने उघड्या होत्या, आणि आडवे दांडे त्यांना रिव्हेट ठोकून जोडलेले होते. पुढे एक व मागे एक अशा दोनच कमानी, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांचे स्प्रिंग, गाडीच्या रुंदीत आडव्या बसवलेल्या असत. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यांवर एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले तरी ॲक्सल कलंडून वाट काढी आणि उरलासुरला पीळ सांगाडा आपल्या अंगावर घेई. अशा वाटांवर हा लवचीकपणा गुणच होता. पुढे ज्या तरुणांनी याच गाड्या तासाला शंभर मैलांच्या वेगाने पळवायला घेतल्या, त्यांच्या दृष्टीने मात्र तोच दोष ठरला. जुन्या मोटारीला ताकदवान इंजिन बसवून आणि तिचा अनावश्यक भार उतरवून केलेल्या वेगवान गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणतात. तिचा इतिहास बहुधा इंजिने आणि रंगकाम यांच्या अंगाने लिहिला जातो. पण या कारागिरीचा सर्वांत अवघड भाग बॉडीखाली, नजरेआड राहिलेल्या सांगाड्यात झाला, आणि त्याची दखल त्या मानाने फार कमी घेतली गेली.

या कारागिरीचे मूळ स्थान दक्षिण कॅलिफोर्निया. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस मोहावे वाळवंटात आटलेल्या सरोवरांचे विस्तीर्ण, सपाट, चिकणमातीचे तळ आहेत. त्यांपैकी म्युरॉक येथे १९३० च्या दशकात तरुण मंडळी आपापल्या गाड्यांचा वेग मोजून घेण्यासाठी जमत, आणि १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. मॉडेल टी दीड कोटीहून अधिक संख्येने बनली होती आणि १९२७ च्या अखेरीस आलेली तिची वारस ‘मॉडेल ए’ हीसुद्धा लाखांनी खपली होती. त्यामुळे भंगारातून या गाड्या मातीमोलाने मिळत आणि एखादी पट्टी कापताना हात फारसा कचरत नसे. आज जपून ठेवल्या जाणाऱ्या या सांगाड्यांवर त्या काळी निर्धास्तपणे करवत चालली, यामागे हे साधे अर्थकारण होते.

१९३२ साली फोर्डने दोन महत्त्वाच्या गोष्टी एकाच वेळी केल्या. सर्वसामान्यांना परवडेल अशा गाडीत २२१ घन इंचांचे, ६५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे ‘व्ही८’ इंजिन दिले, आणि त्याच्यासाठी नवी चॅसी घडवली. मॉडेल ए मध्ये पट्ट्यांच्या बाजू वेगळ्या पत्र्याने झाकलेल्या असत; १९३२ च्या गाडीत मात्र पट्टीची बाहेरची बाजूच उघडी ठेवून तिच्यावर बॉडीच्या वळणाला साजेशी एक नक्षीदार उठावरेषा दाबलेली होती. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतरही १०३.५ इंचांवरून १०६ इंचांवर गेले. सालातल्या दोनच्या आकड्यावरून ‘ड्यूस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गाडीची चॅसी, मडगार्ड काढून टाकल्यावरही, डोळ्यांना पूर्ण आणि सुबक वाटे. सांगाडा हाच दर्शनी भाग असलेली अशी गाडी दुसरी क्वचितच असेल, म्हणूनच मॉडेल ए ची हलकी बॉडी ड्यूसच्या पट्ट्यांवर चढवण्याची प्रथा रूढ झाली. बॉडी पट्ट्यांच्या वर जशीच्या तशी ठेवलेल्या गाडीला ‘हायबॉय’ म्हणत. उलट बॉडीचा तळ कापून ती पट्ट्यांभोवती खाली उतरवण्याला ‘चॅनेलिंग’ हे नाव पडले.

वाऱ्याचा अडसर कमी व्हावा आणि गुरुत्वमध्य जमिनीजवळ यावा म्हणून गाडी खाली बसवणे हा या सगळ्या खटाटोपाचा पहिला उद्देश होता. त्याची एक वाट ॲक्सलमधून जात होती : सॅन डिएगोचे एड स्टुअर्ट हे कारागीर पुढच्या ॲक्सलची टोके तापवून व ताणून अशी वळवत की मधला भाग चाकांच्या तुलनेत काही इंच खाली येई, आणि या कामामुळे ‘ॲक्सल’ हे टोपणनावच त्यांना चिकटले. दुसरी वाट थेट चॅसीच्या पट्टीवर करवत चालवण्याची. मागच्या ॲक्सलच्या थोडे पुढे पट्टी उभी कापायची, मागचा तुकडा हव्या तेवढ्या उंचीवर उचलायचा आणि मधल्या पायरीत नवा तुकडा घालून वेल्डिंग करायचे. बाजूने पाहिल्यास पट्टीला इंग्रजी ‘झेड’चा आकार येतो, आणि अमेरिकेत त्या अक्षराचा उच्चार ‘झी’ असल्याने या कामाला ‘झी करणे’ म्हणत. मागचा भाग पाच इंच उचलला की गाडीचा मागचा भाग पाच इंच खाली बसे. मात्र ॲक्सललगत बाक आणणारा ताण मोठा असतो, आणि सरळ उभ्या सांध्यावर तो एकाच रेषेत एकवटून तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून जाणते कारागीर सांध्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची जाड पट्टी जडवत, जेणेकरून ताण तिरक्या कडांवरून विभागला जाई. झी न करता ॲक्सलच्या वरच पट्टीच्या खालच्या कडेत अर्धगोल खाच पाडून ॲक्सलला वर येण्यास जागा देणे, हा त्याचाच सौम्य प्रकार.

खरी परीक्षा पुढे होती. मूळ गाडीत पुढच्या ॲक्सलपासून मागे येणारे दोन दांडे चिमट्यासारखे जुळून गाडीच्या मध्यावर एकाच गोळ्यावर टेकत. मोठे इंजिन आणि वेगळा गिअरबॉक्स बसवताना हा चिमटा मध्ये येई, म्हणून तो मधोमध कापून त्याची टोके दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना जोडण्याची पद्धत पडली. आता एक चाक वर उचलले गेले की ॲक्सलला पीळ बसे आणि तो पीळ दांड्यांवाटे थेट पट्ट्यांपर्यंत पोहोचे; ज्या ‘सी’ आकाराच्या उघड्या पट्टीने आजवर बाक सोसला होता, तिला पीळ मात्र सोसवत नसे. उघड्या बाजूवर पोलादी पट्टी लावून तिची बंद पेटी करण्याच्या ‘बॉक्सिंग’ या कामाची गरज अशी एकातून एक निर्माण झाली. बंद पेटी पिळाला उघड्या पन्हळीपेक्षा कित्येक पटींनी अधिक विरोध करते. पण लांबलचक सांधा एका दमात वेल्ड केला तर उष्णतेने पट्टीच केळीसारखी वाकते. म्हणून इंच-दोन इंचांचे टाके इकडून तिकडे आळीपाळीने घालत, मध्ये पोलाद निवू देत, चौकटीचे दोन्ही कर्ण पुन्हापुन्हा मोजत आणि ओळंबा लावून पाहत हे काम पुढे न्यावे लागे. महाराष्ट्रातील वाचकांना महामार्गावरून बॉडी बांधायला निघालेली ट्रकची उघडी चॅसी परिचित आहे. तिच्या पट्ट्याही बहुधा अशाच उघड्या पन्हळीच्या असतात, आणि लवचीकपणा तिथे आजही उपयोगाचाच आहे. चॅसी कडक असणे ही सार्वत्रिक गरज नाही, ती वेगाने आणि सपाट जमिनीने घडवलेली गरज आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॉट रॉडला बहर आला. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक सुरू झाले, आणि १९४९ मध्ये युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर वेगाच्या शर्यती भरू लागल्या. चॅसी फोर्डचीच हवी असा दंडकही नव्हता : १९५० साली ओकलंड येथील प्रदर्शनात ‘अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर’ (रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची दोन आसनी गाडी) हा किताब पहिल्यांदाच दिला गेला, तेव्हा तो मिळवणाऱ्या बिल नीकॅम्प यांच्या गाडीची बॉडी १९२९ च्या फोर्डची, तर खालच्या पट्ट्या १९२७ च्या एसेक्स मोटारीच्या होत्या. त्याच वर्षी सँटा ॲना येथील विमानतळावर पाव मैलाच्या सरळ शर्यती सुरू झाल्या, आणि तिथे वजन मागच्या चाकांवर ढकलण्याच्या ओढीने इंजिन मागे सरकत गेले; काही वर्षांतच या शर्यतींच्या गाड्यांनी जुनी पट्टी सोडून पोलादी नळ्यांची स्वतंत्र चौकट स्वीकारली.

रस्त्यावरच्या हॉट रॉडने मात्र जुनी पट्टी सोडली नाही, आणि यात भावनेइतकाच कायद्याचाही वाटा आहे. फोर्डच्या या गाड्यांचा क्रमांक चॅसीच्या डाव्या पट्टीवर ठोकलेला असे, म्हणजे बॉडी, इंजिन, चाके सगळे बदलले तरी गाडीची ओळख त्या पट्टीवर टिकून राही. १९३२ च्या अस्सल पट्ट्या दुर्मीळ झाल्यावर त्यांच्या हुबेहूब नव्या प्रती कारखान्यांत बनू लागल्या, आणि ज्या गाडीत फोर्डचा एकही तुकडा नाही अशा ‘ड्यूस’ही तयार झाल्या. त्यामुळे जुन्या, कापलेल्या, ठिगळे लावलेल्या चॅसीचे मोल उलट वाढले. याचेच एक उदाहरण : हॉट रॉड घडवणारे डोन स्पेन्सर यांनी आपली १९३२ ची रोडस्टर मेक्सिकोतील ‘कॅरेरा पॅनअमेरिकाना’ या खडतर रस्ता-शर्यतीच्या तयारीने बदलताना गाडीखालची मोकळी जागा वाचवण्यासाठी धुराच्या नळ्या थेट चॅसीच्या पट्ट्यांमधून आरपार नेल्या होत्या. पेबल बीच येथे निष्कलंक, मूळ स्वरूपातल्या उंची मोटारींचा गौरव करणाऱ्या प्रतिष्ठित प्रदर्शनाने १९९७ साली हॉट रॉडसाठी पहिल्यांदा वेगळा वर्ग उघडला, तेव्हा त्यातील पहिले पारितोषिक पट्ट्यांना भोके पाडलेल्या याच गाडीने पटकावले.