दातांच्या दवाखान्यातून चेहऱ्याकडे

मंडळी, दातांच्या सर्जनने चेहऱ्याची कॉस्मेटिक सर्जरी करावी का, हा वाद आपल्याला आजचा वाटतो. त्याचं मूळ मात्र पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत आहे. खंदकातून डोकं वर काढलं, की गोळी लागायची ती चेहऱ्याला. वरची कातडी कितीही सुबक शिवली, तरी आत जबड्याचा आधार नसेल तर चेहरा खचतो. आणि जबडा जुळवणं कुणाला ठाऊक? दंतवैद्यांना!

1915 मध्ये हार्वर्डच्या पथकाबरोबर वाराझताद कझांजियन फ्रान्सला गेले. आर्मेनियन स्थलांतरित, एकेकाळी तारेच्या कारखान्यातले कामगार, 1905 चे दंतवैद्यक पदवीधर. तिथे त्यांनी शेकडो सैनिकांचे चेहरे सावरले. पण मायदेशी हेच काम पुढे न्यायचं, तर वैद्यकाची पदवी हवी. मग चाळिशीच्या उंबरठ्यावर हा नावाजलेला माणूस पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला. 1921 मध्ये ते एम.डी. झाले आणि 1941 मध्ये हार्वर्डचे प्लास्टिक सर्जरीचे पहिले प्राध्यापक.

त्यांनी एकट्याने तुडवलेली वाट आता अभ्यासक्रमात आली आहे. अमेरिकेत जबड्याच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण 4 वर्षांचं, एम.डी.सकट साधारण 6 वर्षांचं. कॉस्मेटिकसाठी पुढे फेलोशिप. आपल्याकडे बी.डी.एस.नंतर 3 वर्षांचं एम.डी.एस.

वाद काही मिटलेला नाही. पण पेशंट म्हणून आपण एवढं तरी विचारूया: डॉक्टर, हे ऑपरेशन तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात?