व्यावसायिक मल्ल (मैदानी कुस्ती)

व्यावसायिक मल्ल म्हणजे गावोगावच्या यात्रा-जत्रांतील कुस्ती मैदानांत इनामावर लढून उपजीविका करणारा कुस्तीगीर होय. किताब मिळवणारे मल्ल मोजकेच असतात; मैदानातील बहुतांश कुस्त्या किताबाविना वर्षानुवर्षे लढणाऱ्या मल्लांच्या असतात. खानदेशात अशा मैदानाला 'दंगल' असेही म्हणतात.

स्वरूप

मैदानी कुस्ती मातीवर होते. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवून त्याला चितपट केले की कुस्ती निकाली ठरते. बराच वेळ निकाल न लागल्यास ती बरोबरीत सोडवतात किंवा गुणांवर निर्णय देतात. वजनगट काटेकोर नसतात. वय, अंगकाठी आणि लौकिक पाहून जाणकार मंडळी जोड लावतात. प्रारंभी लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या होतात आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. प्रमुख जोडी व त्यांची इनामे आधीच ठरवून पत्रकांवर छापली जातात.

कारकीर्द

मल्लाची घडण तालमीत वस्तादाच्या देखरेखीखाली होते. जोर, बैठका, सपाटे आणि हौद्यातील लढत हा नित्याचा सराव असतो. तूप, दूध व बदामाची थंडाई यांचा खुराक वर्षभर चालू ठेवावा लागतो. उत्पन्न मात्र मुख्यतः यात्रांच्या हंगामातच मिळते. एखाद्या दुखापतीने हंगाम वाया गेला, तरी खुराकाचा खर्च थांबत नाही. त्यामुळे अनेक मल्ल शेतीचा किंवा कुटुंबाचा आधार घेऊनच या व्यवसायात टिकतात.

किताब नसलेल्या मल्लाचे खरे भांडवल म्हणजे त्याचा लौकिक. ठरलेल्या दिवशी हजर राहणारा, तुल्यबळ जोड न टाळणारा आणि निकाली लढणारा मल्ल आयोजकांना पुन्हा हवा असतो. संगनमताने आधीच ठरवलेल्या लढतीला 'नुरा कुस्ती' म्हणतात. तसा संशय आल्यास प्रेक्षकांचा विश्वास उडतो आणि मल्लाची पुढील आमंत्रणे धोक्यात येतात. उतारवयात असे मल्ल वस्ताद, पंच किंवा मैदानाचे समालोचक म्हणून कुस्तीशी जोडलेले राहतात.

माती आणि गादी

आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर, वजनगटांनुसार व गुणपद्धतीने होते. फ्रीस्टाईल प्रकारात प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. दीर्घकाळ दमसास टिकवणाऱ्या मातीवरील मल्लाला हा बदल अवघड जातो. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी मातीवर घडून 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असून दोन्हींचे विजेते किताबासाठी परस्परांशी लढतात.

खानदेश व नंदुरबार

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या सीमा गुजरात व मध्य प्रदेशाला लागून आहेत. शहादा तालुक्यात तापीकाठी वसलेल्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. ती घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे. मात्र खासबाग मैदान आणि जुन्या तालमींमुळे राज्यातील कुस्तीचे केंद्र कोल्हापूर राहिले. मोठ्या किताबांच्या तयारीसाठी इतर भागांतील मल्लही कोल्हापूर किंवा पुण्यातील तालमींत जातात.

जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी येथील विजय चौधरी यांनी 2014, 2015 व 2016 असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी किताब जिंकला. पुढे त्यांची राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपदी नियुक्ती झाली.

आर्थिक सुरक्षितता

महाराष्ट्र केसरी, हिंदकेसरी यांसारख्या किताबांच्या मानकऱ्यांना राज्य शासन मानधन देते. केवळ मैदाने गाजवणाऱ्या मल्लाची कमाई मात्र कोणत्याही अधिकृत क्रमवारीत नोंदली जात नाही. त्याच्या कारकिर्दीची आठवण प्रामुख्याने आयोजक, वस्ताद आणि प्रेक्षक यांच्याकडेच उरते.