पॉलिफीमसची गोष्ट किती चौकटींची?

आजचा एपिसोड ऐकता ऐकता मनातल्या मनात चौकटी आखत राहा, कारण आपल्याला होमरच्या 'ओडिसी'तल्या एका प्रसंगाचं कॉमिक करायचंय.

'ओडिसी'चे एकूण २४ भाग. हा प्रसंग नवव्यातला. ट्रॉयचं युद्ध आटपून घरी निघालेला ओडिसियस १२ साथीदार घेऊन एका गुहेत शिरतो. गुहा पॉलिफीमसची: धिप्पाड अंग, एकच डोळा, धंदा मेंढपाळाचा. तो दाराला धोंड लावतो आणि एका वेळी दोन माणसं खायला लागतो. सहा जण संपतात. झोपेत त्याला भोसकावं, तर मग ती धोंड कोण हलवणार? म्हणून ओडिसियस त्याला कडक वाईन पाजतो आणि ऑलिव्हचा तापवलेला सोटा त्याच्या डोळ्यात घालतो. सकाळी सगळे मेंढ्यांच्या पोटाखाली लटकून बाहेर.

चार चौकटी तरी हव्यात ना? पण स्पार्टाच्या भागातल्या एका चित्रकाराने इ.स.पू. ६व्या शतकात हे एकाच गोलात बसवलं. वाईनच्या प्याल्याचा आतला तळ, तेवढीच जागा. (प्याला आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.) पॉलिफीमसच्या दोन्ही हातांत खाल्लेल्या माणसाचे पाय, समोर धरलेला प्याला आणि त्याच क्षणी डोळ्यात सोटा. हात भरलेले, मग प्याला घेणार कसा? पण पाहणाऱ्याला गोष्ट पाठ होती, तो क्रम स्वतःच लावायचा. आणि गंमत बघा, पिणाऱ्याची वाईन संपत आली की तळाशी दिसणार काय, तर वाईन पिऊन फसलेला राक्षस!

त्याच्याही शंभरेक वर्षं आधीचा, एल्यूसिसला सापडलेला मोठा मातीचा रांजण आहे, जवळजवळ १.४ मीटर उंच. त्यात एका लहान मुलाला पुरलं होतं. त्यावरही डोळ्यात सोटा चाललाय आणि हातात अजून प्याला आहे. सोटा धरणाऱ्यांतला एकच जण पांढरा, तो ओडिसियस. हिरो लगेच ओळखू यावा म्हणून.

पण दोघांनाही एक गोष्ट काढता आली नाही, ती म्हणजे नावाचा विनोद. ओडिसियसने आपलं नाव 'ऊटिस' सांगितलेलं असतं, म्हणजे 'कोणी नाही'. पॉलिफीमस किंचाळतो, शेजारचे सायक्लोप्स धावत येतात, हा आतून सांगतो की ऊटिस मला मारतोय. ते म्हणतात, कोणी मारत नाही तर आजारी असशील, बापाला हाक मार. आणि निघून जातात. (युजरनेमच्या जागी 'नल' टाकून सिस्टिम गंडवणाऱ्यांचा हा मूळ पुरुष.)

इथे कॉमिकवाल्याकडे फुगा असतो. तरी मराठीत अडतंच. 'कोणीच मला मारतोय' असं आपल्याकडे कोणी बोलत नाही, आपल्याला शेवटी 'नाही' लागतं. उपाय एकच, फुगा छोटा करायचा. बाहेरून, "कोण मारतंय तुला?" धोंडीमागून, "कोणीच नाही!" चौकटीत नुसती धोंड दिसू द्या. शेजाऱ्यांना तेवढंच दिसत होतं.

लहान मुलांसाठी ही गोष्ट सांगताना एक भाग हमखास गाळतात, त्याला मात्र मी अख्खं पान देईन. आंधळा पॉलिफीमस दारात बसून मेंढ्या चाचपतोय. रोज सगळ्यांच्या पुढे धावणारा त्याचा लाडका मेंढा आज शेवटी येतो. तो त्याला विचारतो, आज मागे का रे? मालकाच्या डोळ्याचं दुःख झालं का तुला? त्या मेंढ्याच्या पोटाखाली ओडिसियस लोंबकळतोय. हे पान काढलं की राक्षसाला नुसतं राक्षस म्हणणं जड जातं.

मग जहाज सुटतं आणि साथीदार गप्प बस म्हणत असतानाही ओडिसियस ओरडून सगळं सांगतो: खरं नाव, बापाचं नाव, घर इथाकाला. शत्रूला लाइव्ह लोकेशनच पाठवल्यासारखं. पॉलिफीमस आता खरंच बापाला हाक मारतो: हा घरी पोचू नये, पोचलाच तर उशिरा, एकटा, परक्या जहाजातून.

शेवटच्या चौकटीत मी एकही माणूस काढणार नाही. नुसता समुद्र. पॉलिफीमसचा बाप म्हणजे समुद्राचा देव, पोसायडन.