तळटीप : मान्ना

* मिसर सोडून निघालेल्या इस्राएल लोकांना रानात रोज सकाळी मिळणारे अन्न (निर्गम, अध्याय 16). दव उडाले की जमिनीवर धण्यासारखे पांढरे दाणे उरत. चव मध घालून केलेल्या पोळीची. माणशी एक ओमेर, म्हणजे साधारण दोन लिटर, एवढेच वेचायचे. उद्यासाठी राखून ठेवले की त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि ते टिकेही, कारण शब्बाथला, म्हणजे सातव्या, विश्रांतीच्या दिवशी, वेचायला जायचे नसे. कोणत्याही उपदेशापेक्षा हा सराव मला मोलाचा वाटतो : तब्बल 40 वर्षे उद्याचा घास देवावर सोपवायचा. हाच शब्बाथ पाळण्यासाठी कोकणातले बेने इस्राएल यहुदी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. – संपा.