टकळीची चकती आणि विजेचे नाव

थंडीत नायलॉनची साडी उतरवताना चटचट आवाज येतो, अंगाला चिकटते, अंधारात ठिणगीही दिसते. ही स्थिर वीज. तिच्या इतिहासात सूत कातणाऱ्या बायका फार लवकर भेटतात.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की सीरियातल्या बायका टकळीची चकती तृणमणी कोरून करत. तृणमणी म्हणजे लाखो वर्षे जमिनीत गाडली जाऊन कडक झालेली झाडाची राळ. पाने, भुसा, कापडाच्या दशा तो ओढून घेई. म्हणून त्या त्याला ‘ओढणारा’ अशा अर्थाचे नाव देत. आपले नावही तेच सांगते: तृण ओढणारा मणी. ग्रीक भाषेत त्याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. त्यावरूनच पुढे ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द आला.

मग आला स्टीफन ग्रे, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा कापड रंगवणारा रंगारी. १७२९ साली त्याने काचेची नळी घासली आणि तिची ओढ सुतळीवरून शेकडो फूट लांब पोचवली. सुतळी रेशमी दोऱ्यांवर टांगली होती. वजनाने रेशीम तुटले, तेव्हा त्याजागी बारीक पितळी तार लावली. ओढ नाहीशी झाली! दोरा किती बारीक आहे याला महत्त्व नव्हते, तो कशाचा आहे याला होते. पितळेतून वीज निसटून जात होती, रेशीम तिला अडवत होते. वाहक आणि रोधक हा भेद असा कळला. उतारवयात धर्मादाय आश्रयावर राहणाऱ्या या रंगाऱ्याला १७३१ साली रॉयल सोसायटीचे पहिले कॉप्ली पदक मिळाले.

१७३३ मध्ये फ्रान्सच्या द्यूफे यांनी दाखवले, की वीज दोन प्रकारची असते: सारखी सारखीला ढकलते, वेगळी वेगळीला ओढते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्यांना धन आणि ऋण म्हटले. आज आपल्याला माहीत आहे, की घासल्यावर एका वस्तूवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. जिथे ते वाढले ती वस्तू ऋण, जिथले कमी झाले ती धन. नवा भार तयार होत नाही, इकडचा तिकडे जातो, एवढेच. दमट हवेत तो लवकर निघून जातो, म्हणून पावसाळ्यात साडी तशी चिकटत नाही.

ग्रेने पाहिलेले लिहून कळवले, म्हणून त्याचे नाव राहिले. सीरियातल्या त्या बायकांपैकी एकीचेही नाव उरले नाही. तेव्हा सख्यांनो, काम करताना काही नवल दिसले, तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा. खाली आपले नावही घाला.