तळटीप : पुन्हा तपासणीला पाठवलेला अंक

* अमेरिकेत जुन्या कॉमिक्सची प्रत तपासून तिला ०.५ ते १० पर्यंत श्रेणी देण्याचे काम फ्लोरिडातील सीजीसी ही कंपनी २००० सालापासून करते. प्रत श्रेणीच्या चिठ्ठीसह प्लास्टिकच्या कवचात सीलबंद होऊन परत येते. ९.६ आणि ९.८ यांतला फरक डोळ्याला क्वचितच दिसतो, किमतीत मात्र तो ठसठशीत असतो. सुपरमॅनचा पहिला अंक, ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्र. १ (१९३८), ९.० श्रेणीत २०१४ साली ३२ लाख डॉलरना विकला गेला! श्रेणी वाढावी म्हणून संग्राहक कवच फोडतात, अंकाचे प्रेसिंग करून घेतात आणि पुन्हा शुल्क भरून तो तपासणीला धाडतात.

प्रेसिंग म्हणजे नियंत्रित उष्णता, ओलावा आणि दाब देऊन मुडपे सपाट करणे. रंग उडालेली घडी किंवा फाटलेला कोपरा त्याने सुधारत नाही. सीजीसी याला डागडुजी मानत नाही. रंग भरलेल्या प्रतीला मात्र डागडुजीची जांभळी चिठ्ठी लागते आणि भाव कोसळतो.

श्रेणी माणसे देतात, त्यामुळे ती वाढते तशी घटतेही.

पुन्हा तपासणीला पाठवताना जुनी चिठ्ठी परत केली नाही, तर तपासलेल्या प्रतींच्या कंपनीच्या नोंदीत एकच प्रत दोनदा मोजली जाते. म्हणून अंकाच्या दुर्मीळतेसाठी वाचकाने केवळ या नोंदीवर विसंबू नये.