उघडे दार

पंडिता रमाबाई म्हटले की त्यांची विद्वत्ता आठवते, केडगावचे मुक्तिसदन आठवते आणि धर्मांतरावरून उठलेले वादळही आठवते. या साऱ्या गर्दीत एक बाई मात्र हरवते. ती म्हणजे मनोरमेची आई. १८९३ साली पुण्यात जे रण माजले, ते या आईला वगळून नीट समजतच नाही, असे मला वाटते.

रमाबाईंची आई लक्ष्मीबाई. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि पत्नीने ते लेकीला दिले. तीर्थयात्रेच्या धकाधकीत दिवसा सवड नसे. म्हणून ही माउली भल्या पहाटे झोपलेल्या लेकीला कुशीत घेऊन जागी करी आणि पाठ देई. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात हे मोठ्या कृतज्ञतेने लिहिले आहे. धर्म आणि आईची कूस या दोन गोष्टी त्यांच्या मनात अशा लहानपणीच एक झाल्या होत्या.

पुढे दुष्काळाने आईबाप नेले. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. पण ती वर्षाची होण्याआधीच पित्याचे छत्र हरपले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. तरीही रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. भगिनी जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. मनोरमेला कोणत्या वळणाने वाढवावे, यावरून त्या दोघींचे पत्रांतून खटके उडाले. लेकीच्या श्रद्धेबाबत शेवटचा शब्द आपला, असा रमाबाईंचा बाणा होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा करार होता. रमाबाईंनी वर्गात बायबल शिकवले नाही. मात्र आपल्या खोलीत त्या मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत आणि त्या वेळी दार उघडे ठेवीत. काही मुली त्या दारातून आत येऊ लागल्या. झाले! पुण्यात काहूर उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

वाचकहो, आता न्याय कसा करावा? पालकांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांनी लेकी विश्वासाने धाडल्या होत्या. ज्यांना घरात कोणी जवळ घेत नव्हते अशा बालविधवांना, प्रेमाने वागवणाऱ्या बाईंची प्रार्थना हीसुद्धा ओढच वाटणार. करार शब्दाने पाळला तरी मन ओढले जातेच. पण दुसऱ्या बाजूने पाहा. आपल्या मुलीसह देवाचे नाव घेताना आईने कडी लावायची, ती कशासाठी? चोरून केलेली प्रार्थना लेकीला काय शिकवील? आपली श्रद्धा लपवण्याजोगी आहे, एवढेच ना? रमाबाईंनी दार लावले नाही. त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

त्या दाराच्या आसपास वावरूनही सगळ्या जणी ख्रिस्ती झाल्या नाहीत, हेही विसरू नये. सदनातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. त्याच वर्षी, १८९३ मध्ये, त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या.

मनोरमा मोठी झाली, शिकली, आईच्या कामाचा उजवा हात बनली. कार्याची धुरा तिच्यावर सोपवावी, ही आईची आशा. पण १९२१ साली मनोरमाच आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्याच्या कामात बुडालेल्या होत्या. लेक गेली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही डोळे मिटले. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दिवाळीत आपण उंबरठ्यावर पणती ठेवतो. आतल्या उजेडाचा वाटा बाहेर जावा, एवढाच त्यात भाव असतो. आई आपल्या मुलाला श्रद्धा देते तीही अशीच. ती घ्यावी की न घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण देणारीने ती पदराआड झाकून देऊ नये. लक्ष्मीबाईंनी पहाटे लेकीला जागे केले आणि रमाबाईंनी दार उघडे ठेवले. दोघींचे देव निराळे. आईपण मात्र एकच.